फळं खात जा, मावशी

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे पोळ्या-भांड्यांना येणाऱ्या मावशींना चक्कर आली. दवाखान्यात तपासलं तर रक्त कमी. दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या तेव्हा मी लॅपटॉपमधून मान वर काढून म्हटलं, "मावशी, फळं, पालेभाज्या खात जा जरा."

त्या कढई घासत होत्या. म्हणाल्या, "दादा, द्राक्षं मी क्रेटनं तोडलीत."

एवढंच. पुढे काही नाही. मी पुन्हा स्क्रीनमध्ये घुसलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

मावशी मूळच्या पेठ तालुक्यातल्या. शहरात येण्याआधी बरीच वर्षं त्यांनी द्राक्षबागांत काढली. पहाटे गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभं राहायचं, बागाईतदाराच्या पिकअपमध्ये चढायचं आणि हंगामाप्रमाणे छाटणी, विरळणी, डिपिंग, तोडणी. हा माल नेदरलँड्सपर्यंत जातो. २०१० साली क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले, तेव्हा नाशिक जिल्ह्याची झोप उडाली होती. निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, घडांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. तिकडच्या मुलाच्या पोटात काय जाणार याची इथे एवढी चौकशी. तोडणाऱ्या बाईच्या पोटात काय जातं, हा रकाना मात्र कुठल्या फॉर्मवर नाही.

मी इंजिनिअर माणूस, म्हणून शेवटी हिशोब मांडला. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची शिफारस माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं अशी आहे. मावशींच्या घरात चार माणसं. म्हणजे दिवसाला दोन किलो, महिन्याला साठ. सरसकट चाळीस रुपये किलो धरलं (डाळिंबवाल्यानं हसू नये) तरी २,४०० रुपये. आमच्या घरच्या कामाचे मावशींना तेव्हा २,२०० मिळत होते. म्हणजे महिनाभर आमच्याकडे राबून त्यांची फक्त भाजी-फळं, तीही पुरी नाहीत. २०१६ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये १८ देशांचा एक अभ्यास आला होता. एका माणसाच्या रोजच्या दोन वाट्या फळं आणि तीन वाट्या भाज्या एवढ्यांचा खर्च श्रीमंत देशांत घरच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत होता. भारत ज्या गरीब गटात होता तिथे तो ५२ टक्के निघाला.

पण नुसत्या पैशांवर हे भागत नाही. आमच्याकडे फ्रिज आहे, मी रविवारी आठवड्याची भाजी आणतो. मावशी रोज दहा रुपयांचा वाटा घेतात, त्यामुळे किलोमागे माझ्यापेक्षा जास्तच मोजतात. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात संध्याकाळी भाजी उतरते, तेव्हा त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये कुणाची तरी भांडी घासत असतात. शिवाय भाजी फसू शकते. मुलानं दोडका ताटात टाकला तर मी त्याला ऑम्लेट करून देईन. त्यांच्या घरी तो दोडका म्हणजे त्या दिवसाचे दहा रुपये. बटाटा कुणी टाकत नाही. मग बटाटाच येतो. यात अडाणीपणा कुठे आहे? मला तर हे शहाणपणाचं वाटतं.

आणि फळ? ते आजाऱ्याला न्यायचं, नाहीतर उपासाला खायचं. एरवी आलंच तर चार फोडी होतात आणि पाचवी उरलेली कोय किंवा साल आईच्या वाट्याला जाते. हे माझ्याही घरी झालंय, कुणी ठरवलेलं नसताना.

गावाकडे निदान रानभाजी होती. कुरडू, टाकळा, करटोली, पावसाळाभर फुकट. पण शाळेच्या डब्यात कुरडूची भाजी असली की मावशी झाकण अर्धंच उघडायच्या. आता कृषी विभाग ऑगस्टात रानभाजी महोत्सव भरवतो आणि आम्ही फोटो काढतो. मागच्या पावसाळ्यात मी करटोली आणली. किंमत सांगितली तर मावशी इतक्या हसल्या की ओट्याला टेकल्या.

मला बोचतंय ते हे. माझ्या फ्रिजमध्ये ड्रॅगनफ्रूट मऊ पडून फेकलं जातं. मला शिफारस माहीत आहे, पैसे आहेत, चाळीस पावलांवर भाजीवाला आहे आणि तरी रात्री दहाला मी ॲपवरून बिर्याणी मागवतो. मला कुणी सांगत नाही की "दादा, फळं खात जा." माझं न खाणं म्हणजे कामाचा ताण, लाइफस्टाइल. मावशींचं न खाणं म्हणजे अज्ञान. सल्ला द्यायचा अधिकार मला ज्ञानानं नाही, पगारानं दिला.

सरकारचंही साधारण असंच चालतं. २०२३च्या नोव्हेंबरात राज्यानं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं सुरू केलं आणि २०२५च्या सुरुवातीला त्याचा निधी थांबवला, लोकसहभागातून बघा म्हणाले. फळांचे फायदे सांगणारा धडा अर्थातच चालू राहिला असणार.

आता कबुली. चक्कर येण्याच्या दोनेक महिने आधी मावशींनी ३०० रुपये वाढवून मागितले होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा झाली. एकानं वाढवलं की सगळ्यांना वाढवावं लागतं, रेट बिघडवू नका, असं ठरलं. त्या मेसेजखाली बरेच अंगठे आहेत, त्यांतला एक माझा. त्याच तोंडानं मी "फळं खात जा" म्हटलं होतं.

हिशोब झाल्यावर मी पैसे वाढवले, ३०० नाही, ५००. पुढच्या महिन्यात सहज (सहज कसलं, मुद्दाम) विचारलं, काय घेतलं? "पोराला बूट, दादा. पावसाच्या आधी लागतात." मला क्षणभर खट्टू वाटलं. माझे पैसे पालकात जायला हवे होते, असं काहीतरी. ते पैसे माझे नव्हतेच, त्यांच्या कामाचे होते, हे कळायला मला जिना उतरून खाली जाईपर्यंत वेळ लागला.

खाली गेटवर सेक्रेटरी भेटले. "तुमच्याकडे अजून बावीसशेच ना?" मी म्हटलं, "हो, चालू आहे तसंच."