भय आपले, भार कोणावर?

‘गप्प बस, नाहीतर झोळीवाला धरून नेईल’ ही धमकी न ऐकता लहानाचा मोठा झालेला माणूस आमच्या पिढीत विरळाच. नवा पूल बांधायला निघाला की त्याच्या पायात मुले पुरतात, ही वावडीही कोकणात अनेक पिढ्यांनी ऐकली. परंतु त्या वावड्या पायी चालत. दोन-चार गावे ओलांडेपर्यंत त्यांचा दम संपे, आणि घरातील जाणते माणूस हसून तिची वासलात लावी. आज तीच वावडी छापील अक्षर किंवा हलते चित्र होऊन घरात येते, आणि छापलेले ते खरे असे मानण्याची आपल्याला जुनी सवय आहे. म्हणून मुले पळवण्याच्या बातम्या आपल्या मनात कोणते चित्र उभे करतात आणि त्या चित्राची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आम्हांला नैतिक वाटतो.

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजारासाठी गर्दी जमली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात आधीच पसरले होते. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त पुरले असे त्या वेळचे वृत्त आहे. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत दुचाकीस्वार रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसत असे. ती मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी केलेली होती. तिच्या शेवटी मूल सुखरूप परत आणून ठेवतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. नेमका तेवढा भाग कोणीतरी कापला होता.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. दहा बातम्या खोट्या निघाल्या तरी अकरावीमुळे एक मूल वाचले, तर बिघडले काय? आम्हांला वाटते, येथे सावधगिरी आणि संशय यांत गल्लत होते. सावधगिरीचा भार माणूस स्वतः उचलतो. मुलाला शाळेतून आणायला वेळेवर जातो, जत्रेत त्याचा हात सोडत नाही, ते कोणाबरोबर खेळते याची चौकशी करतो. संशयाचा भार दुसऱ्याच्या पाठीवर पडतो, आणि ती पाठ बहुधा परमुलखातील गरिबाची असते. राईनपाड्यात भय गावाचे होते, भार त्या पाच जणांनी उचलला. शिवाय त्याने गावातील एकही मूल अधिक सुरक्षित झाले नाही.

मग खरोखर मुले पळवणारे नसतातच काय? असतात. १९९६ मध्ये उघडकीस आलेले कोल्हापूरचे गावित मायलेकींचे प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. तेरा मुले पळवल्याचा आणि त्यांपैकी नऊ जणांना मारल्याचा आरोप त्या आई आणि दोन मुलींवर होता. आई खटल्यापूर्वीच मरण पावली; मुलींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. दयेच्या अर्जावरील शासकीय दिरंगाईमुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. ध्यानात घ्यावे ते असे की कडेवर मूल घेतलेल्या बाईकडे गर्दीत कोणी संशयाने पाहत नाही, याच समजाच्या आडोशाने त्या चोऱ्या करीत. झोळीवाल्यावर डोळा ठेवणारी गर्दी त्यांना वाट करून देत होती.

बातमीचा दुसरा दोष म्हणजे तिची निवड. नोव्हेंबर २००६ मध्ये नॉयडा येथे एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुखाचा तीन वर्षांचा मुलगा पळवला गेला. वाहिन्यांनी अहोरात्र ती बातमी लावून धरली आणि मूल चार-पाच दिवसांत घरी आले. त्याच शहरातील निठारी वस्तीतून मात्र मजुरांची मुले कितीतरी महिने नाहीशी होत होती. पालकांच्या तक्रारींकडे पोलिसांनी दुर्लक्ष केल्याचे केंद्राने नेमलेल्या समितीलाही आढळले. २९ डिसेंबर २००६ रोजी नाल्यात हाडे सापडली, तेव्हा कॅमेरे तेथे पोहोचले आणि त्यांनी आठवडाभरात निकालही दिला. प्रत्यक्षात २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर ताशेरे ओढून आरोपींना निर्दोष सोडले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. ती मुले कोणी मारली, हा प्रश्न उरलाच. तो विचारणारे कॅमेरे उरले नाहीत.

आकड्यांचेही तसेच. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे नोंदवहीतील शब्द आणि त्याचा सामान्य अर्थ यांतील अंतर आम्ही जाणतो. मूल बेपत्ता झाल्यास अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला. तो योग्यच आहे, कारण त्यामुळे शोध लगेच सुरू होतो. परंतु रागावून घर सोडलेला मुलगा, कोणाबरोबर निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी आणि खंडणीसाठी पळवलेले बालक ही सारी त्यामुळे एकाच रकान्यात येतात. मथळ्यात तो आकडा ‘अपहरणे वाढली’ असा होतो आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे पुन्हा झोळीवाला उभा राहतो. मूल परतल्याची बातमी आली तर आतल्या पानावर, दोन ओळींत. मुलांवरील अत्याचारांच्या बहुसंख्य खटल्यांत आरोपी ओळखीचाच असतो, हे तर क्वचितच ठळकपणे छापले जाते, कारण ते वाचून शेजारी, नातलग, शिकवणीचे मास्तर यांच्याकडे पाहावे लागते.

संपादकांनी काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. वाचकाचेही एक कर्तव्य आहे. अशी बातमी किंवा संदेश आला की मूल कोणाचे, पोलिसांत नोंद कोठे, नंतर ते सापडले काय, एवढे विचारावे. उत्तर मिळेपर्यंत ती पुढे पाठवू नये. मूल खरोखर अडचणीत दिसले तर १०९८ हा क्रमांक आहे, पोलीस ठाणे आहे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडणे-डिचोलीच्या माणसांबरोबर घाटावरून आलेले भटके विक्रेते आणि भिक्षेकरीही असतात. आपल्या घराण्यांतील अनेकांचे पूर्वजही कधीतरी असेच घाट उतरून, अनोळखी म्हणून या भूमीत आले. येथल्या माणसांनी त्यांना पाणी दिले, ओसरीवर टेकू दिले, आणि त्या विश्वासावर आपण आज येथे आहोत. पुढच्या शुक्रवारी बाजारात नातवाचा हात घट्ट धरावा. समोरून येणाऱ्या डवऱ्याकडे मात्र माणूस म्हणूनच पाहावे, आणि नातवालाही तसेच पाहायला शिकवावे.