मऊ आमिष



आपल्यातल्या काही तरुणांनी आम्हांला विचारले आहे, "फादर, रबरी किडा दाखवून मासा फसवणे हे पाप आहे का?" प्रश्न हसत हसत विचारला गेला, तरी तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या पॅरिश कौन्सिलपुढे आलेल्या एका सूचनेशीही त्याचा जवळचा संबंध आहे. त्याकडे पुढे येऊ.

घाटनांदूर हे काही मासेमारीचे गाव नव्हे. आपण बालाघाटची माणसे, पाण्यासाठी आभाळाकडे पाहणारी. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पण धरणात पाणी असते तेव्हा भोई बांधव जाळे टाकतात, आणि काठावर कोणी ना कोणी गळ घेऊन बसलेला असतो. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. रोहू, मरळ, चिलापी, जे लागेल ते संध्याकाळी कालवणात. आता मोबाइलवर परदेशी मासेमारी पाहून काही मुलांनी चरखीची काठी आणि रबरी बेडूक मागवले आहेत.

या परदेशी प्रकाराची थोडी माहिती घेऊ, कारण ती विचार करायला लावते. अमेरिकेत बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा आहे. कोकणच्या खाडीतल्या जिताड्यालाही इंग्रजीत सी-बास म्हणतात, पण त्याचे कूळ वेगळे. १९४९ साली ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थांनी मऊ प्लास्टिकचे गांडूळ साच्यातून काढले आणि हा धंदा वाढत गेला. पुढे असे झाले की, ज्या तळ्यांत फार लोक मासे धरतात तिथले मासे सावध होऊ लागले. मोठे, चकाकणारे, खळखळ वाजणारे आमिष दिसले की ते दूर जात. मग मच्छीमारांनी उलटी वाट धरली. तंगूस बारीक केला, वजन काही ग्रॅमवर आणले, किडा बोटाएवढा केला. तो पाण्यात हळूहळू बुडू द्यायचा, काठीचे टोक जेमतेम थरथरवायचे आणि वाट पाहायची. किडा मऊ का? मासा आमिष पाण्यासकट तोंडात ओढतो आणि ते टणक लागले तर थुंकून टाकतो. मऊ लागले तर क्षणभर जास्त धरून ठेवतो. तेवढ्या क्षणात गळ रुततो. काही जण त्या प्लास्टिकमध्ये मीठ आणि वासही घालतात.

आता प्रश्न. हे खोटे बोलणे आहे का? संत थॉमस अक्वायनस यांच्या मते खोटे म्हणजे मनात एक असताना दुसरेच सांगणे. युद्धात दबा धरून बसणे योग्य की अयोग्य, याचा विचार करताना ते एक उपयोगी भेद करतात. खोटे बोलून किंवा दिलेला शब्द मोडून फसवणे शत्रूशीही योग्य नाही. पण आपला बेत उघड न करणे वेगळे, ते युद्धात चालते. माशाला आपण काही सांगितलेले नाही आणि त्याला कसला शब्दही दिलेला नाही. माशाशी आपले बोलणेच नाही. म्हणून रबरी किडा हा असत्यभाषणाचा गुन्हा ठरत नाही, असे आमचे मत आहे. चारही शुभवर्तमानांत गळ एकदाच येतो, मत्तयच्या सतराव्या अध्यायात. मंदिराचा कर भरण्यासाठी येशू संत पेत्राला सरोवरात गळ टाकायला सांगतो. तेव्हा गळच पाप असे म्हणता येणार नाही.

तरी प्रश्न इथे संपत नाही. पोटासाठी मासा धरणाऱ्या भोई बांधवाला आम्ही काहीच विचारणार नाही. पण धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, यात माशाची भूक हे आपले खेळणे होते. २००३ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी ट्राउट माशाच्या डोक्यात इजा जाणवणारी ग्रहणकेंद्रे असल्याचे दाखवले. माशाला आपल्यासारखी वेदना होते का, यावर वाद आहे. पण प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभेची प्रश्नोत्तरी स्पष्ट सांगते (परिच्छेद २४१८), आणि इथला सगळा वाद "विनाकारण" या शब्दाभोवती आहे. स्वित्झर्लंडच्या कायद्यात सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरायला मनाई आहे. जपानमध्ये दुसरेच चित्र. तिथे १९२५ साली बाहेरून आणलेला बास स्थानिक माशांना खाऊ लागला, म्हणून बिवा सरोवराच्या शिगा प्रांताने २००३ पासून धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडायलाच बंदी केली. म्हणजे सोडून देणे ही दरवेळी दया असतेच असे नाही. उलट, हौशी मच्छीमारांना माशाची ओढ असते म्हणून नदीही राखली जाते, हेही खरे आहे. आमच्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू: खाणार असाल तर धरा, आणि तुटलेला रबरी किडा पाण्यात टाकून येऊ नका. तो कुजत नाही.

माशाचा विषय इतकाच. पण "आमिष" हा शब्द आपण माशापेक्षा माणसांसाठी जास्त वापरतो, आणि तिथे तो आपल्याला चांगलाच बोचतो.

मूळ संस्कृतात आमिष म्हणजे मांस. आज वर्तमानपत्रात हा शब्द दिसला की त्याच्या शेजारी बहुधा "धर्मांतर" असते. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली याविषयी कायदे केले आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. आपल्या आजी-आजोबांना "दुष्काळातले, धान्याचे ख्रिस्ती" म्हणून हिणवले गेले, हे आपल्या पुष्कळ घरांत माहीत आहे. हा टोमणा ऐकून रागावण्याआधी आपण एक भेद नीट पाहिला पाहिजे, आणि तो भेद गळ टाकणाराच आपल्याला शिकवतो.

रबरी किड्यात अन्न मुळीच नाही. गांडूळ खरे अन्न आहे, पण आत गळ आहे. आणि कोणी काठावरून नुसते दाणे टाकतो, त्यात गळच नाही. माशाला वरून तिन्ही सारखेच दिसतात. दुष्काळात दिलेले धान्य खरे होते की खोटे, हा प्रश्नच नाही. ते खरेच होते, लोक त्यावर जगले. प्रश्न एवढाच की, ज्याने बाप्तिस्मा नाकारला त्यालाही ते मिळाले का. जिथे मिळाले तिथे तो दाणा होता. जिथे नाही तिथे आत गळ होता, मग देणारा कितीही भला असो.

आपल्या बीड जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मुकादमाची उचल खोटी नसते. नोटा खऱ्या असतात, त्या लग्नाला, दवाखान्याला, घराच्या पत्र्याला उपयोगी पडतात. पण त्या घेतल्या की दसरा-दिवाळीनंतर कोयता उचलून जावेच लागते, आणि हंगामात फिटले नाही तर पुढच्या वर्षीही. हे गांडूळ मऊ आहे, थुंकता येत नाही. संत याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात मोहाविषयी लिहिताना जो ग्रीक शब्द वापरला आहे तो आमिष दाखवण्याचाच आहे. ठळक, गडगडणाऱ्या पापापासून सावध माणूस दूर जातो. त्याच्यासाठी लहान, हलके आणि हळू बुडणारे काहीतरी लागते.

इथे कोणी म्हणेल, परमेश्वरानेही गळ टाकला नाही का? चौथ्या शतकात निस्साचे संत ग्रेगरी यांनी तसेच लिहिले होते: ख्रिस्ताचा मानवी देह हे आमिष, आत देवत्वाचा गळ, आणि हावरट माशासारखा सैतान तो गिळून बसला. चित्र देखणे आहे. पण ख्रिस्तसभेचे सगळेच आचार्य या विचाराने समाधानी झाले नाहीत. अकराव्या शतकाच्या अखेरीस संत अन्सेल्म यांनी सैतानाचा माणसावर काही हक्क आहे, ही कल्पनाच नाकारली. आम्हांलाही ते अधिक पटते. फसवून जिंकणारा देव आम्हांला शुभवर्तमानात सापडत नाही.

संत पेत्राला माणसे धरणारा करीन असे येशू म्हणतो, तेव्हा संत लूक जे ग्रीक क्रियापद वापरतो त्याचा अर्थ "जिवंत धरणे" असा आहे. तेच क्रियापद तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सैतानाच्या फासात अडकलेल्यांसाठीही येते. शब्द एकच, आणि धरणारा कोण यावर त्याचा अर्थ फिरतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्याविषयीच्या आदेशात, श्रद्धेसाठी कोणावर जबरदस्ती करणे किंवा कोणाला भुलवणे ख्रिस्तसभेला सक्त अमान्य आहे, असे सांगितले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात हेच प्रेमकार्याबाबत सांगितले. सेवा ही दुसरे काही मिळवण्याचे साधन नव्हे.

आता कौन्सिलपुढच्या सूचनेकडे येऊ. शाळकरी मुलांना वह्या-पुस्तकांसाठी आपण जी मदत करतो ती रविवारच्या मिस्साच्या हजेरीवर ठरवावी, असे काही सभासदांनी सुचवले आहे. त्यांचा हेतू चांगला आहे. मुले प्रार्थनेला यावीत हे आम्हांलाही वाटते, आणि रिकामे बाक पाहून आम्हांला त्यांच्याइतकेच वाईट वाटते. पण अशी हजेरी लावली की वहीच्या आत गळ बसतो. मूल येईल, बसेल, उठेल, आणि वेदीकडे पाहताना त्याला आपले नाव वहीत लिहिले गेले की नाही हे दिसेल. शिवाय ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुले हंगामभर गावातच नसतात. ज्यांना वह्या सर्वांत जास्त हव्यात, त्यांचीच हजेरी शून्य भरेल.

मिस्साला मुले यावीत यासाठी वेगळे काही करावे लागेल, मदतीला हात न लावता. धर्मशिक्षणाचा वर्ग रविवारऐवजी शनिवारी सायंकाळी घ्यावा काय, तांड्यावर आणि फडावर जाऊन प्रार्थना घेता येईल काय, यावर आपण विचार करावा. ज्यांच्याकडे सायकल किंवा मोटारसायकल आहे आणि महिन्यातून एक शनिवार देता येईल, त्यांनी मिस्सानंतर सॅक्रिस्टीत नाव द्यावे. वह्यांची यादी मात्र गेल्या वर्षीप्रमाणेच, शाळेतल्या नावांवरून होईल, आणि त्यात बिगरख्रिस्ती घरांतली मुलेही राहतील. कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत आम्ही हा विषय पहिला ठेवला आहे. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी जरूर यावे.

तुमचे धर्मगुरू