आशेचा अधिकार

२०२४ साली दिवाळीचा पाडवा आणि आमचा मृतांचा दिवस एकाच तारखेला आले. आम्हां कॅथलिक ख्रिस्ती लोकांत २ नोव्हेंबर हा दिवस गेलेल्या माणसांसाठी राखून ठेवलेला असतो. वसईकडच्या गावांत त्या दिवशी घरोघरची माणसे कबरस्तानात जमतात. कबरी आधीच झाडूनपुसून ठेवलेल्या असतात. त्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात, आणि धर्मगुरू प्रार्थना करीत, कबरींवर पवित्र पाणी शिंपडीत फिरतात. त्या वर्षी भिंतीपलीकडे फटाके वाजत होते आणि भिंतीअलीकडे आम्ही माझ्या थोरल्या भावाच्या कबरीपाशी उभे होतो. आईने मेणबत्ती लावली, वाऱ्याला हाताचा आडोसा केला, आणि माझ्याकडे न बघता विचारले, "देवाने पदरात घेतलं असेल का गं त्याला?"

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीतही एक दिवा यमाच्या नावाने लावतात. आमच्या शेजारच्या काकू धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा करून, त्याची वात दक्षिणेकडे करून अंगणात ठेवीत. लहानपणी आम्ही भावंडे कुंपणावरून तो दिवा पाहत असू. ज्या घरात उजेड करायचा त्या घरातल्या मृत्यूच्या भयालाही एक दिवा द्यावा, हे शहाणपण त्या काकूंना होते. तेव्हा आईचा प्रश्न मी दिवाळीतच विचारायला घेतला तर फारसे बिघडणार नाही.

दादा वाडीतली फुले दादरच्या बाजाराला नेई. पहाटेच्या गाडीने जायचे, दुपारी परतायचे. पावसाळ्यात वाट पाण्याखाली गेली की मला खांद्यावर बसवून शाळेत पोचवणारा तो हाच दादा. पुढे तो दारूला लागला. फुलांचे पैसे वाटेतच संपू लागले. मग वहिनीच्या अंगावरचे सोने एकेक करून गहाण पडले, आणि ते नाही म्हणाली तेव्हा त्याचा हात तिच्यावर उठला. एकदा नव्हे, पुष्कळदा. चर्चची पायरी त्याने सोडली. शेवटी एका पहाटे, डोक्यावर फुलांचा भारा घेऊन स्टेशनाकडे जाताना तो वाटेत कोसळला. धर्मगुरूला बोलवायला, पापांची कबुली द्यायला, कोणाची क्षमा मागायला वेळच मिळाला नाही.

दादाला मूठमाती दिल्यावर आमच्या घरी दोन तऱ्हेची माणसे आली. काही म्हणाली, "तो सुटला. आता देवाजवळ सुखात आहे." काही जण तोंडावर बोलले नाहीत, पण त्यांचे बोलणे आमच्या कानी आलेच: पेरले तसे उगवणार. या दोन्ही बोलण्यांत मला पुढे एक विलक्षण साम्य दिसू लागले. दोघांनाही ठाऊक होते! एकाला स्वर्ग ठाऊक होता, दुसऱ्याला नरक. आईला मात्र काहीच ठाऊक नव्हते. पहिल्यांनी तिचे समाधान होईना, कारण तिने वहिनीच्या गालावरचे वळ पाहिले होते. दुसऱ्यांचे तिला पटेना, कारण तिने दादाला पाळण्यात पाहिले होते. तिच्यापाशी उरली होती ती फक्त आशा. आणि ही आशा ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे की ते आपले नुसते मायेचे वेडेपण आहे, हे तिला कळत नव्हते. मलाही कळत नव्हते.

ठामपणे उत्तर देणे किती जोखमीचे असते, याचा एक दाखला आपल्या गोव्याशी बांधलेला आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये ज्यांचे शव ठेवलेले आहे ते संत फ्रान्सिस झेवियर जपानात धर्मप्रचार करून परतले, आणि १५५२ साली त्यांनी कोचीहून युरोपातल्या आपल्या धर्मबंधूंना एक मोठे पत्र लिहिले. नव्याने ख्रिस्ती झालेले जपानी लोक त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारीत: आमचे आईबाप, आमचे पूर्वज ख्रिस्ताचे नाव न ऐकताच गेले, त्यांचे काय? प्रार्थनेने, दानधर्माने त्यांना सोडवता येणार नाही का? झेवियरनी सांगितले, त्यांना आता काही उपाय नाही. ते लोक रडू लागले. आणि आपल्या या जिवलगांना रडताना पाहून आपल्यालाही दुःख झाले, असे झेवियरनी त्याच पत्रात लिहिले आहे.

मला या हकिकतीत त्या उत्तरापेक्षा ते दुःख अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांच्या काळाने शिकवलेले उत्तर त्यांनी दिले, पण त्यांच्या अंतःकरणाने ते उत्तर पुरते स्वीकारले नव्हते. पुढे चारशेहून अधिक वर्षे गेली. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहून ठेवले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात आणि आपल्या सदसद्विवेकाला जागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. ते जपानी लोक ज्या आशेसाठी रडले, तिला अखेर दार उघडले. त्यांना मात्र ते दिसायचे राहिले.

दादाची गोष्ट अर्थातच निराळी. त्याला ख्रिस्ताचे नाव ठाऊक होते. त्याने पाठ फिरवली होती. पण इथेही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आमची ख्रिस्तसभा कित्येकांना संत म्हणून जाहीर करते. परंतु अमुक एक मनुष्य नरकात गेला, असे तिने आजवर एकाही माणसाचे नाव घेऊन जाहीर केलेले नाही. नरक नाही, असे ती म्हणत नाही. तिथे कोण आहे, हे सांगण्याचे मात्र ती नाकारते. फ्रान्समधल्या आर्स या खेड्यात जॉन व्हिएनी नावाचे धर्मगुरू होऊन गेले. त्यांचा मृत्यू १८५९ सालचा. पुलावरून उडी टाकून जीव दिलेल्या एका माणसाची विधवा त्यांच्याकडे आली, तेव्हा ते म्हणाले म्हणे, की पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामध्ये पश्चात्तापापुरता वेळ होता. दादाच्या डोक्यावरचा भारा आणि जमीन यांच्यामध्ये किती वेळ होता? मला माहीत नाही. पण ज्यांनी दादाचा निकाल लावला, त्यांनाही माहीत नाही.

आशा ही मनुष्य स्वतःपुरतीच ठेवू शकतो की दुसऱ्यासाठीही, असा प्रश्न तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सरळ विचारला आहे. त्यांचे उत्तर असे, की आशा मुळात ज्याची त्याचीच. परंतु प्रेमाने जो दुसऱ्याशी एक झाला, तो त्या दुसऱ्यासाठीही स्वतःसारखीच आशा ठेवू शकतो. हे वाचले तेव्हा मला वाटले, हे उत्तर माझ्या आईसाठीच लिहिलेले आहे. ज्याच्यावर प्रेम केले त्याच्यासाठी आशा ठेवणे हे वेडेपण नव्हे. तो प्रेमाचाच अधिकार आहे. मात्र याच अक्वायनसनी आशेविरुद्धची दोन पापे सांगितली आहेत. एक निराशा, आणि दुसरे गृहीत धरणे. देव काय, क्षमा करीलच, असे म्हणून हात झटकणे हेही आशेच्या विरुद्धच. दोन्हींत माणूस देवाच्या आधीच निकाल देऊन मोकळा होतो.

मी मोठ्या उत्साहाने हे सारे वहिनीला सांगायला गेले. ती अंगणात फुले निवडीत बसली होती. दादामागे वाडी तीच पाहत होती. माझे सगळे बोलणे तिने ऐकून घेतले, आणि हातातली शेवंती टोपलीत टाकीत म्हणाली, "प्रेमाने आशा ठेवता येते म्हणतेस. मग ज्यानं माझं प्रेमच मारून टाकलं, त्याच्यासाठी मी कशाच्या जोरावर आशा ठेवू? आणि देवानं त्याला सगळं माफ केलं असेल, तर माझं जे झालं ते कुठल्या वहीत लिहायचं?"

मी निरुत्तर झाले. आजवर मी आईच्या बाजूने विचार करीत होते. माझ्या ध्यानातच आले नव्हते की आई ज्याला दया म्हणत होती, तो वहिनीच्या दृष्टीने तिच्यावर झालेला दुसरा अन्याय होता. ज्याचे आपण काही सोसले नाही, त्याला क्षमा मिळावी असे म्हणणे फार सोपे असते. आम्ही मायलेकी दुसऱ्याच्या पैशाने उदार होत होतो.

वहिनीचा प्रश्न खरा होता, आणि त्याला टाळणारी कोणतीही ख्रिस्ती आशा खरी असू शकत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेवरच एक परिपत्रक लिहिले. त्यात त्यांनी हे स्पष्ट म्हटले आहे की, देवाची कृपा न्यायाला पुसून टाकीत नाही. ज्यांनी छळले आणि ज्यांनी सोसले ते काहीच न घडल्यासारखे शाश्वत मेजवानीला शेजारी शेजारी बसतील, असे नाही. आम्ही ज्याला शुद्धिस्थान म्हणतो त्याचा अर्थ मला तेव्हा थोडा उमगला. लहानपणी ते मला भट्टीसारखे काहीतरी वाटे. आता वाटते, ते कदाचित नुसते पाहणे असेल. आपण केलेले सारे, कोणतीही सबब हाताशी नसताना, जिच्यावर केले तिच्या डोळ्यांनी पाहणे. ज्याच्यावर कोणी प्रेम करीत नाही त्याला ते पाहणे सोसणार नाही. म्हणून ते ख्रिस्तासमोर, त्याच्या प्रेमाच्या उजेडात घडावे लागते. असे असेल तर दया आणि न्याय ही दोन निराळी दारे नव्हेत. दादाला पदरात घेणे म्हणजे त्याचे डोळे झाकणे नव्हे, ते उघडणे.

संत ऑगस्टिन यांच्या आईची, मोनिकाची, गोष्ट मला इथे आठवते. ३८७ साली रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात ती वारली, तेव्हा ऑगस्टिन तेहतिसाव्या वर्षात होते. आपल्या आत्मकथनात त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली आहे. आई एवढी पुण्यशील, पण तिच्या पुण्याचा हिशेब त्यांनी देवापुढे मांडला नाही. तिने इतरांना क्षमा केली, तशी तिलाही मिळो, एवढेच मागितले. आणि वाचकांना विनविले, की माझ्या आईबरोबर माझ्या वडिलांचीही आठवण करा. हे वडील, पॅट्रिशियस, तापट होते, आणि बायकोशी एकनिष्ठही नव्हते. हे त्याच पुस्तकात मुलानेच नोंदवले आहे. बापाचा दोष त्याने लपवला नाही, आणि दोष सांगितला म्हणून प्रार्थनेतून त्याचे नावही वगळले नाही. या दोन गोष्टी एका हाताने लिहिता येतात, हे मला तिथे शिकायला मिळाले.

मी हे आईला माझ्या परीने सांगितले. ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग तिने आपल्या हातातल्या दोन पाटल्या काढल्या आणि मला म्हणाली, "मेणबत्त्या लावून फिटणारं देणं निराळं, आणि हे निराळं. तो देऊन गेला नाही. माझ्यानं जमेल तेवढं मी देते." वहिनीने आधी त्या घेतल्या नाहीत. पुढे मुलीच्या कॉलेजच्या वेळी तिने त्या आपण होऊन मागून नेल्या. तिचे गेलेले सोने त्याहून पुष्कळ जास्त होते, आणि जे सोन्याचे नव्हते ते तर परत करण्याजोगेच नव्हते. पण आईची आशा त्या दिवसापासून मला निराळी भासू लागली. नुसती आशा करणारा मनुष्य गेलेल्याचे देणे देवावर ढकलतो. खरी आशा ठेवणारा त्यातले आपल्या वाट्याचे उचलतो.

त्या पाडव्याला आईने मला कबरीपाशी तो प्रश्न विचारला, तेव्हा मी म्हटले, "ठाऊक नाही, आई. पण आपण मागू शकतो." ती मान हलवून गप्प राहिली. एवढ्यात वहिनी मुलीला घेऊन आली. ती दर वर्षी येते, आपल्या वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावते आणि जाते. त्या दिवशी मुलीने दादाच्या कबरीवरही एक मेणबत्ती लावली. वहिनी चार पावले मागे उभी होती. निघताना ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तो सुटावा असं मला अजून वाटत नाही. खोटं कशाला बोलू? पण त्याला कळावं, असं मात्र वाटतं."

मी काही बोलले नाही. तिला अक्वायनस सांगावा असे मला वाटले नाही, आणि तिने अजून पुढे जावे असे म्हणण्याचा मला अधिकारही नव्हता. पण आई जे मागत होती आणि वहिनी जे मागत होती, त्यांतले अंतर मला वाटले होते तेवढे नव्हते. भिंतीपलीकडे कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. आई दचकली, वहिनीने तिचा हात धरला, आणि आम्ही चौघी फाटकाकडे निघालो.