तोंडाची वाफ

‘उगीच तोंडाची वाफ दवडू नकोस’ असं आमच्या पिढीला लहानपणापासून बजावलेलं. वाफ कशासाठी जपायची, ते २००७ साली कळलं. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी पिऊन गाडी हाकणाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि रात्रीच्या नाकाबंदीत नळी पुढे करून ते म्हणू लागले, ‘फुंका!’

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याची हद्द आहे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल. गंमत पाहा, हद्द रक्ताची आणि तपासणी श्वासाची! भाताची परीक्षा शितावरून नव्हे, वासावरून.

आता समजा, गिरगावातले एक सोवळे मामा लालबागला बहिणीकडे जेवले. निघताना तिनं ‘पचनाला बरं’ म्हणून दोन चमचे द्राक्षासव पाजलं आणि भारतमाता टॉकीजपाशी यंत्रानं मामांना दारुडा ठरवलं. तोंडात रेंगाळलेला अंश पाव तासात जातो, आणि अटक झालेल्याला ठाण्यात पुन्हा फुंकायची संधी कायदा देतो, हे खरं. पण यंत्रच बिघडलेलं असलं तर? मामा ओरडणार, ‘माझं रक्त तपासा!’ कलम २०४ मात्र रक्त मागायचा अधिकार पोलिसाला देतं. आपण होऊन रक्त देऊ करायचा हक्क मामांच्या नावे तिथे लिहिलेला नाही.

अर्थात खरा पिणाराही हेच ओरडेल. डॉक्टर येईपर्यंत त्याचं यकृत तासाला सुमारे पंधरा मिलिग्रॅम या वेगानं इमानेइतबारे पुरावा नष्ट करत असतं. शिवाय रक्त म्हणजे काही हरिश्चंद्र नव्हे. २००२ च्या वांद्र्याच्या गाजलेल्या अपघातात रक्ताचा अहवाल ६२ मिलिग्रॅमचा होता. पण तो नमुना घेण्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंतच्या प्रवासावर उच्च न्यायालयानं शंका घेतली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आरोपी निर्दोष सुटला.

तरीही मामांना हा हक्क हवा. ताबडतोब सुई, मामांच्या डोळ्यांदेखत सील. लबाडही वापरील म्हणून हक्कच द्यायचा नाही, तर चोरही आपल्या घराला कुलूप लावतो म्हणून आपण दारं उघडी टाकायची का? ज्या पादचाऱ्याचं रक्त रस्त्यावर सांडू नये म्हणून हा खटाटोप, त्याला पिणारा सापडायला हवा आहे. नुसतं कुणीतरी सापडून त्याचं भागत नाही.