न कापलेल्या चाकूचे ज्ञान

नव्या घाटाचा घडीचा चाकू हाती आल्यावर जाणता शौकीन पहिल्या काही मिनिटांत जे मत बनवतो, त्याला ज्ञान म्हणावे की नुसता ग्रह, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु खरे ज्ञान कोणते आणि ते कशावरून ओळखावे याचा विचार करणाऱ्या भारतीय प्रमाणशास्त्रात ज्या वादावर शतकानुशतके ग्रंथ लिहिले गेले, त्या प्रामाण्यवादाशी तो थेट जाऊन भिडतो. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा खरेपणा. हा खरेपणा ज्ञानाबरोबरच प्रकट होतो, त्यासाठी वेगळा दाखला लागत नाही, असे मीमांसक मानतात आणि त्याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. बाधक, म्हणजे आधीच्या ज्ञानाला खोटे पाडणारे, दुसरे ज्ञान पुढे येईपर्यंत संशयाला कारणच नाही, अशी कुमारिल भट्टांची भूमिका आहे. नैयायिकांच्या मते मात्र हा खरेपणा परतः, म्हणजे बाहेरून, ठरतो, आणि त्याची मुख्य कसोटी प्रवृत्तिसामर्थ्य, म्हणजे त्या ज्ञानाच्या भरवशावर केलेली कृती फळाला येणे, ही होय.

शौकिनांच्या पहिल्या परीक्षेचा क्रम बहुधा ठरलेला असतो. मिटलेले पाते मुठीच्या दोन बाजूंच्या बरोबर मध्ये बसले आहे की एकीकडे कलले आहे, हे चाकू उजेडाकडे धरून पाहिले जाते. अंगठ्याने उघडताना पाते कुठे अडते का, पुरते उघडल्यावर खटका कसा बसतो, उघडे पाते चिमटीत धरून आडवे-उभे हलवले तर ते डुगडुगते का, हे तपासले जाते. आणि शेवटी कागदाची पट्टी कापून किंवा मनगटावरचे चार केस भादरून धार पाहिली जाते. यातले काहीही खोटे नाही. पण नीट पाहिले तर हे बहुतेक ज्ञान चाकूच्या उघडण्या-मिटण्याचे आहे आणि कापण्याचे त्यात फारच थोडे आहे. पोलादाला पाणी कसे दिले आहे, म्हणजे ते तापवून विझवण्याची आणि पुन्हा बेताने तापवण्याची क्रिया कितपत साधली आहे, हे तर पहिल्या दिवशी कळतच नाही; कारण कारखान्यातली पहिली धार यंत्राच्या पट्ट्यावर लावलेली असली, तर त्या घर्षणाच्या उष्णतेने अगदी कडेचे पोलाद मऊ पडलेले असू शकते, आणि सहाणेवर दोन-तीनदा धार लावून ती कड झिजवल्याखेरीज खालचे खरे पोलाद कामाला लागत नाही. ज्या धारेने केस भादरले गेले, ती धार टिकेल की नाही याविषयी ती स्वतः काही सांगत नाही. बनवणाऱ्यांनाही हे चांगले ठाऊक असावे. पाते जिथे फिरते तिथे बारीक छर्रे बसवून ते लोण्यासारखे सरकेल अशी जी तजवीज अलीकडच्या अनेक चाकूंत दिसते, तिचा कापण्याच्या कामी काडीचाही उपयोग नाही. ती त्या पहिल्या पाच मिनिटांची सोय आहे.

तरीही जाणकाराची पहिली छाप आणि नवख्याची पहिली छाप यांत फरक असतो, आणि तो नाकारून चालणार नाही. चौदाव्या शतकात मिथिलेत ‘तत्त्वचिंतामणि’ लिहिणाऱ्या गंगेशांच्या परंपरेत ज्ञानलक्षण प्रत्यासत्ती नावाचा एक संबंध मानला आहे. डोळ्यांना वास कळत नाही, तरीही पूर्वी चंदन हुंगलेल्या माणसाला दुरून चंदनाचा तुकडा दिसताच तो सुगंधी असल्याचे जे ज्ञान होते, ते प्रत्यक्षच आहे आणि पूर्वीचे ज्ञानच तिथे इंद्रियाला विषयाशी जोडून देते, असे हे मत आहे. ‘वेदान्तपरिभाषा’ लिहिणाऱ्या धर्मराजाध्वरींद्रांना हे मान्य नाही. त्यांच्या मते चंदनाचा तुकडा तेवढा प्रत्यक्ष होतो आणि त्याचा सुगंध हा परोक्ष, म्हणजे इंद्रियाला न भिडलेला, भाग राहतो. पाते पाहताच हे झकास कापेल असे म्हणणाऱ्या शौकिनाला आपण ते पाहूनच जाणले असे वाटते, आणि गंगेशांचे अनुयायी त्याला पाठिंबाही देतील. येथे मात्र वेदान्त्यांचे म्हणणे अधिक सावध आणि अधिक बरोबर वाटते, कारण त्या क्षणी जे बोलत असते ते पूर्वीच्या अनेक चाकूंनी मनावर उमटवलेले संस्कार असतात, समोरचा चाकू नव्हे.

अडचण येते ती घाट खरोखरच नवा असला तर. 1981 साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात सॅल ग्लेसर यांच्या स्पायडर्को कंपनीने ‘वर्कर’ नावाचा चाकू आणला. त्याच्या पात्याच्या पाठीवर कुबडासारखा उंचवटा होता, त्या उंचवट्यात आरपार गोल छिद्र होते आणि मुठीला खिशाच्या काठावर अडकवण्याची क्लिप होती. त्याआधी घडीचा चाकू म्हणजे सामान्यतः पात्यावरच्या खाचेत नख अडकवून दोन्ही हातांनी उघडण्याची वस्तू असे, आणि सरळ, सडपातळ पात्यांवर पोसलेल्या नजरेला हा घाट बेढब वाटणे साहजिक होते. नवख्याला तो आजही बेढब वाटतो. पण एका हातात दोर धरलेला माणूस दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ते छिद्र पकडून पाते उघडतो तेव्हा त्या उंचवट्याचे कारण कळते, आणि एका हाताने उघडणे व खिशाची क्लिप या दोन्ही गोष्टी पुढे अशा चाकूंत सर्वसामान्य झाल्या. बेंचमेड कंपनीचा 2017 सालचा ‘बगआउट’ हे याच्या धाकट्या भावंडासारखे उदाहरण आहे. सुमारे 52 ग्रॅम वजनाच्या या चाकूची काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची मूठ दाबली तर किंचित लवते, आणि जे जड ते भक्कम या जुन्या संस्काराने बोलणाऱ्या कितीतरी शौकिनांनी ते लवणे लगेच दोषाच्या खात्यात टाकले. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणाऱ्यासाठी वजन घटवणे हाच त्या घाटाचा हेतू होता, हे मूठ दाबून कळण्यासारखे नव्हते.

या ठिकाणी जैन तर्कशास्त्राने काढलेला मार्ग उपयोगी पडतो. माणिक्यनंदी यांच्या ‘परीक्षामुख’ या सूत्रग्रंथात आणि नंतर हेमचंद्रांच्या ‘प्रमाणमीमांसे’त प्रामाण्याचा निश्चय कधी स्वतः तर कधी परतः होतो असे म्हटले आहे, आणि टीकाकारांनी त्याची व्यवस्था अशी लावली आहे की अभ्यासदशेत, म्हणजे विषय सरावाचा असताना, खरेपणा आपोआप कळतो, तर अनभ्यासदशेत त्यासाठी दुसऱ्या ज्ञानाची वाट पाहावी लागते. रोजच्या वाटेवरच्या तळ्यात पाणी आहे की नाही हे उतरून पाहावे लागत नाही. शौकिनाची पंचाईत अशी की तो चाकूंच्या बाबतीत अभ्यासदशेत आणि या चाकूच्या बाबतीत अनभ्यासदशेत एकाच वेळी असतो, आणि पहिल्या दशेचा आत्मविश्वास दुसऱ्या दशेत घेऊन जातो. घाट जितका नवा, तितके त्याचे पहिले मत जुन्या चाकूंविषयीचे असते. जुन्याच घाटात किरकोळ फेरफार असेल तर मात्र त्याच्या पाच मिनिटांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

मीमांसकांचा पक्ष तरीही निकालात निघत नाही. पहिल्या ज्ञानावर विश्वासच ठेवला नाही तर प्रवृत्ती होणार नाही, आणि प्रवृत्तीवाचून नैयायिकांना हवे असलेले फळ कुठून येणार? चाकू विकत घेतला जातो तो पहिल्या छापेवरच. फळाचेही एकच रूप नसते: पाकीट फोडताना निर्दोष ठरलेला चाकू तासभर लाकूड तासताना क्लिपची कड तळहाताला रुतवतो, म्हणजे एका कामातले साफल्य दुसऱ्या कामातल्या ज्ञानाची हमी देत नाही.

उरतो तो कधीच न वापरला जाणारा चाकू. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांच्या मते जे अर्थक्रियेला, म्हणजे काही परिणाम घडवण्याला, समर्थ असते तेच खरे असते, आणि त्या अर्थक्रियेबाबत फसवत नाही ते ज्ञान प्रमाण. संग्राहकाच्या पेटीतल्या चाकूची अर्थक्रिया कापणे ही नसतेच. तो अधूनमधून उघडणे, खटका ऐकणे, मिटणे आणि पाहणे एवढ्यासाठी असतो. अशा मालकाची पहिली छाप अपुरी म्हणता येत नाही, कारण त्याला त्या चाकूकडून जे हवे ते सगळे पहिल्या पाच मिनिटांतच मिळून गेलेले असते. फक्त ते ज्ञान चाकूविषयीचे म्हणावे की चाकू बाळगणाऱ्याविषयीचे, हा वाद तेथे नव्याने उभा राहतो. शौकिनांच्या आपसांतल्या खरेदी-विक्रीत तर याने एकदाही काही कापलेले नाही ही ग्वाही चाकूची किंमत राखायला उपयोगी पडते, आणि घेणारा तो उजेडाकडे धरून पाते मध्ये बसले आहे का हे पाहू लागतो.