काठीचं वय

माणसाच्या हातात काठी कधी यावी, याचे आपल्याकडे ठरलेले संकेत आहेत. गुराख्याच्या हातात असली तर ती धंद्याची, पोलिसाच्या हातात असली तर सरकारी, आणि पाडव्याला दाराशी उभी राहिली तर मंगल! पण इस्त्रीचा शर्ट घातलेला साठीतला गृहस्थ काठी घेऊन बाहेर पडला, की पहिला प्रश्न ठरलेला : "काय हो, पडलात की काय?"

माझ्या हातात तर दोन होत्या. लेक फिनलंडमध्ये असते. बापाचं वाढतं पोट तिला तेवढ्या लांबून दिसतं, हे विज्ञानाचं एक संकटच म्हणायचं. तिकडे बर्फावरून घसरत जाणारे खेळाडू, उन्हाळ्यात बर्फ नसला तरी सराव सुटू नये म्हणून, नुसत्या काठ्या घेऊन चालत. त्यातून हा व्यायाम निघाला. १९९७ साली तिथे खास चालण्यासाठी बनवलेल्या काठ्या विक्रीला आल्या आणि मग साध्यासुध्या माणसांनीही त्या उचलल्या. एरवी चालताना पाय राबतात आणि हात नुसते झुलत असतात; कचेरीत एकाने काम करावं आणि दोघांनी बघावं, तसं. इथे दंड, खांदे, पाठ सगळ्यांनाच हजेरी लागते.

बागेत मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा एका पोराने विचारलं, "काका, बर्फ कुठाय?" कुत्र्यांना तर व्यायाम आणि हल्ला यांतला फरक कळतच नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात आली. एकच काठी असती तर मी म्हातारा ठरलो असतो; दोन असल्यामुळे नुसता विक्षिप्त ठरलो. आधार दुप्पट झाला आणि वय कमी झालं!

हा हिशेब मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या अप्पांमुळे सतावू लागला. अप्पांचा तोल जातो. मुलाने आणलेली सुंदर काठी दाराआड उभी असते. "ती हातात घेतली की संपलं," असं अप्पा म्हणतात, आणि म्हणून दोन वर्षं गॅलरीतूनच जग बघतात. नाकावर चष्मा आहे, तोंडात कवळी आहे. त्यांनी अप्पांचा स्वाभिमान दुखावत नाही. दुखावते ती काठी. आपण मुलांना लहानपणापासून सांगतो, स्वतःच्या पायावर उभं राहा. पण स्वतःच्या पायावर गॅलरीत उभं राहणं आणि काठी टेकत कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाऊन येणं, यातलं स्वावलंबन कुठलं?

१९३० साली साठ वर्षांचे गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. चोवीस दिवसांत जवळजवळ ३८५ किलोमीटर चालले, तेही हातात बांबूची काठी घेऊन. त्या काठीची कोणाला कीव आली नाही. तो माणूस कुठे निघालाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं ना! कुठेच निघाला नसाल, तरच लोक तुमच्या काठीकडे बघतात.

या काठ्यांची एक रीत मला फार आवडते. काठी आवळून धरायची नसते. टेकवायची, मागे रेटायची, आणि हात मागे गेला की मूठ चक्क उघडायची. मनगटाला पट्टा असतो, त्यामुळे काठी पडत नाही. पुढच्या पावलाला आपसूक हातात येते. आधार घ्यावा तो असा. कशाच्याही आधाराला लाजणारे आणि एकाच आधाराला घोरपडीसारखे चिकटणारे, दोघेही शेवटी एकाच जागी राहतात.

हे सगळं अप्पांना ऐकवायचा धीर मला झाला नाही. मी एवढंच म्हटलं, "अप्पा, एक काठी घेतलीत तर लोक म्हातारा म्हणतील. दोन घेतल्यात तर वेडा म्हणतील. बघा, काय परवडतंय."

अप्पा बराच वेळ गॅलरीतून खाली बघत राहिले. मग म्हणाले, "यांची उंची कमी-जास्त होते का हो?"