भकास कोणी केलं

मी बनवलेला गेम संपायला अकरा मिनिटं लागतात. त्यात एक छोटं रेल्वे स्टेशन आहे, अरुंद रुळांचं. संध्याकाळ आहे, धुकं आहे. प्लॅटफॉर्मच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, वाटेत तिकीट खिडकीत डोकवायचं, घंटेपाशी थांबायचं. घंटा वाजवली की लांबून इंजिनाचा आवाज येतो. आवाज मोठा होत जातो, अंगावरून गेल्यासारखा होतो आणि विरतो. गाडी येत नाही. मग स्क्रीन काळी. संपलं.

पुण्यात माझ्यासोबत राहणाऱ्या मित्रांना तो फार आवडला. एकाने मेसेज केला, "भाई, काय भकास व्हाइब आहे!" मी तो मेसेज तीनदा वाचला. इतकी चांगली दाद मला ऑफिसात कधी मिळालेली नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा लॅपटॉप आबांसमोर ठेवला. आबा म्हणजे माझे आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर शाबूत. स्टेशन त्यांनी लगेच ओळखलं, कारण ते आमच्या कारंजा लाडचंच आहे, शकुंतलेच्या मार्गावरचं. बाण दाबत दाबत ते प्लॅटफॉर्मच्या मध्यावर आले आणि थांबले.

"काऊन रे, मानसं कुठी गेली?"

"यात माणसं नाहीत आबा. गेमच तसा आहे."

"टेशनावर मानूस नाही, असं कधी राहे काय? इथं पेरूवाली बसे. थे तिकडं कापसाच्या गाठी राहत." मग थोडं थांबून म्हणाले, "तू तं सारं भकास करून टाकलं."

शब्द तोच. मित्राच्या तोंडी ती दाद होती, आबांच्या तोंडी तक्रार. आमच्या घरात भकास हा शब्द नेहमी तक्रार म्हणूनच येतो: दिवाळीनंतर पोरं परत गेली की घर भकास होतं, बोंडअळी पडली की शेत भकास दिसतं. आणि आबांच्या वाक्यात आणखी एक गोष्ट होती जी मित्राच्या वाक्यात नव्हती. कर्ता. भकास आहे असं ते म्हणाले नाहीत. तू केलंस, म्हणाले.

असे गेम ज्यांनी खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यात गोळ्या घालायच्या नसतात, स्कोअर नसतो, पुष्कळदा हरताही येत नाही. एकट्याने किंवा दोन-तीन जणांनी बनवलेले, स्वस्त किंवा फुकट, एखाद्या रात्रीत संपणारे. ‘युमे निक्की’ हा जपानी गेम किकियामा या टोपणनावाच्या व्यक्तीने २००४ मध्ये फुकट देऊन टाकला; ही व्यक्ती कोण, हे आजही जाहीर नाही. त्यातली मुलगी खोलीबाहेर पडायला नकार देते आणि झोपेत विचित्र स्वप्नांमधून हिंडत राहते. काय करायचं हे कोणी सांगत नाही. २०१३ च्या ‘प्रोटिअस’मध्ये एका बेटावर फक्त फिरायचं, ऋतू बदलतात, बस.

मला हे का आवडतं हे मला चांगलं माहीत आहे. तिघांचा फ्लॅट, हिंजवडीचा ट्रॅफिक, दिवसभर कानात हेडफोन आणि हेडफोनमध्ये कोणाची तरी मीटिंग. मला रिकामी जागा लागते आणि ती मला परवडत नाही. म्हणून मी ती डाउनलोड करतो. यात काही वाईट आहे असं मला आजही वाटत नाही.

पण आबांचा प्रश्न तांत्रिक म्हणून घेतला तरी त्याचं उत्तर गमतीशीर आहे. या गेममध्ये माणसं का नसतात? कारण माणूस महाग पडतो. भिंत दहा मिनिटांत उभी राहते. माणसासाठी आधी शरीर, मग आत हाडांचा सांगाडा, मग चालणं, मान वळवणं, पापण्या. आणि तो बोलला तर काय बोलणार, हे लिहायला वेगळा महिना. फक्त शनिवार-रविवार हाताशी असलेला माणूस भिंतीच बांधतो. धुक्याचंही तेच. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मधलं प्रसिद्ध धुकं बऱ्याच अंशी त्या वेळच्या प्लेस्टेशनला फार लांबचं दाखवणं झेपत नव्हतं म्हणून आलं. गरिबीतून एक सौंदर्य तयार झालं आणि मग आम्ही सगळ्यांनी ते उचललं. आज माझ्या लॅपटॉपला लांबचं दाखवता येतं. धुकं मी हौसेने घातलं. धुक्यापलीकडे खरं तर घरं आहेत.

मार्क फिशर या ब्रिटिश लेखकाचं ‘द वीअर्ड अँड द ईरी’ नावाचं छोटं पुस्तक आहे. भकासपणाची त्याने केलेली उकल मला फार उपयोगी पडली. त्याचं म्हणणं साधारण असं: जिथे काही असायला हवं तिथे काहीच नसतं, किंवा जिथे काही नसायला हवं तिथे काहीतरी असतं, तेव्हा अंगावर काटा येतो. आणि त्या काट्यामागचा खरा प्रश्न असतो कर्त्याचा. हे कोणी केलं? इथे कोणाची सत्ता चालते? उत्तर मिळालं की काटा जातो.

हे वाचून मी शकुंतलेकडे पुन्हा पाहिलं. तिच्या बाबतीत कर्त्याचा प्रश्न अजिबात गूढ नाही. अडीच फुटी रुळांचा हा मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या छत्राखाली टाकला गेला. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा कारंजा-दारव्हा करत यवतमाळला. हेतू कापूस. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर चढवायचा, तिथून मुंबई, मुंबईहून मँचेस्टर. ती ओढायला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन होतं, तेही मँचेस्टरचंच. १९९४ मध्ये ते जाऊन डिझेल आलं. देश स्वतंत्र झाला, बाकी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण हा मार्ग कंपनीकडेच राहिला आणि गाड्या चालवणारी भारतीय रेल्वे तिला मोबदला देत राहिली. पुढे माणसं कमी झाली. गार्डच खाली उतरून तिकिटं देई, तोच फाटक बघे. रूळ जुने, वेग सायकलचा. लोक एसटीकडे, मग मोटरसायकलकडे गेले. शेवटी गाडी बंद झाली. ब्रॉडगेजची मागणी होतच असते.

म्हणजे ‘कोणी केलं’ याचं उत्तर एका माणसाचं नाव नाही, पण धुकंही नाही. करार आहे, हिशेब आहे, न केलेली दुरुस्ती आहे. आणि आबांची पेरूवाली जिथे बसायची तिथली गर्दीसुद्धा कोणाच्या तरी नफ्यासाठीच जमवलेली होती, हेही त्यातच आलं. मी माझ्या अकरा मिनिटांतून नेमकं हेच सगळं झाडून काढलं होतं. माणसं काढली म्हणून नव्हे, ती कशी गेली याच्या खुणाही काढल्या म्हणून आबांचं वाक्य मला लागलं. ओसाड जागेची सुंदर फ्रेम बनवताना पहिली गोष्ट पुसली जाते ती म्हणजे पावती.

याला अपवाद आहेत आणि ते या प्रकारातले सर्वोत्तम गेम आहेत, असं माझं मत. ‘केंटकी रूट झिरो’ २०१३ ते २०२० या काळात पाच अंकांत आला, तिघांनी बनवला. त्यात जमिनीखालून जाणारा एक अशक्य हायवे आहे, भुतांसारखी माणसं आहेत. पण भुतं उगाच नाहीत. खाणीत पाणी शिरून कामगार बुडाले म्हणून खाणीत भुतं आहेत. वीज कंपनीने गाव गिळलंय म्हणून घरांत अंधार आहे. जुन्या वस्तू पोचवणारा कॉनवे एका डिस्टिलरीत दारूचे घोट घेतो आणि त्याच्या नावावर कर्ज चढतं. पुढे ते फेडायला तो कायमचा तिथलाच होतो. वाशीम जिल्ह्यात वाढलेल्या कोणालाही हा प्रसंग परीकथेसारखा वाटणार नाही. पीककर्जाच्या नोटिशीचा लिफाफा आमच्याकडे लाल मारुतीच्या फोटोमागे खोचलेला असायचा, आणि तो तिथे आहे तोवर घरात कोणी मोठ्याने हसत नसे.

दुसरं उदाहरण आपल्याजवळचं. गुजरातेत वापीजवळच्या चाला गावातला ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’ छोटे, स्वप्नवत गेम बनवतो. त्यांनी मीर उमरहसन नावाचा एक गुजराती लेखक चक्क कल्पनेतून उभा केला आहे आणि त्याच्या ‘कथां’वर ते गेम रचतात. २०२० च्या ‘द इंडिफरंट वंडर ऑफ ॲन एडिबल प्लेस’मध्ये नगरपालिकेचा एक नोकर आहे. त्याची नोकरी इमारती खाण्याची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो, आणि मग हसू बंद झालं. जगात याहून चमत्कारिक काय असणार, पण कर्ता समोर आहे: पगारी आहे, हुकमाचा ताबेदार आहे, आणि खेळताना तो तुम्हीच आहात.

‘इनसाइड’ (२०१६) ज्यांना खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. एक मुलगा अंधाऱ्या कारखान्यांतून पळत असतो. टोप घालून निर्जीव माणसांना दुरून चालवण्याची यंत्रं तिथे आहेत, आणि तो त्यांचा वापरही करतो. एक गुप्त शेवट आहे. लपलेली सगळी यंत्रं शोधून बंद केली की मुलगा एका तळघरात पोचतो, एक प्लग उपटतो, आणि त्या निर्जीव माणसांसारखाच मान खाली टाकून उभा राहतो. त्याला कोण चालवत होतं? कंट्रोलर माझ्या हातात होता.

आता ऑफिसची गोष्ट, जी मी टाळत होतो. ‘माणूस महाग पडतो’ हे वाक्य मी गेम बनवताना शिकलेलो नाही, ते आधी एका क्लायंटच्या तोंडून ऐकलं होतं. तालुक्या-तालुक्यांत फिरून हप्ते गोळा करणारी त्यांची माणसं होती. आम्ही ॲप केलं. ॲप चांगलं झालं, मी अभिमानाने सांगू शकतो. मग त्या माणसांच्या नोंदी बंद करायचं काम माझ्याकडे आलं. अशा वेळी आम्ही नोंद खरोखर खोडत नाही. एक रकाना असतो, ‘चालू आहे का’, तिथे हो चं नाही करायचं. नाव, फोन, तालुका सगळं जागेवर राहतं, फक्त कोणत्याही स्क्रीनवर दिसत नाही. याला सॉफ्ट डिलीट म्हणतात. दोनशेच्या वर नोंदी होत्या. चालवण्यापूर्वी यादी तपासायची असते म्हणून तपासली. मंगरूळपीर, मानोरा, दारव्हा असे तालुके होते, ओळखीची आडनावं होती. एंटर दाबलं. चार सेकंद लागले.

मी नसतो तर शेजारच्याने दाबलं असतं, हे खरं आहे. त्या नोकऱ्या फार सुखाच्या होत्या असंही नाही. हप्ते मागायला येणारा माणूस आमच्याही दारात येऊन गेला आहे. पण ‘मी नसतो तर दुसरा’ या वाक्यात कर्ता पुन्हा धुक्यात जातो, हे मला दिसतं. त्याच शनिवारी मी स्टेशनचा गेम सुरू केला होता. तारखा नंतर जुळवून पाहिल्या तेव्हा लक्षात आलं. यातून काय अर्थ काढायचा ते मला ठरवता येत नाही.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू जास्त विचार करतो. गेम म्हणजे काय जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे का? मूड असतो, मूड." त्याचं चूक नाही. प्रत्येक उदास चित्राखाली जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लिहायला लागलो तर चित्रं संपतील. एकांत ही खरी गरज आहे आणि दाट धुक्यात चालण्याचा आनंद खोटा नाही. मला अडचण एवढीच आहे की कल्पनेतलं बेट रिकामं ठेवणं वेगळं आणि ज्या जागेवर माणसं होती, ज्यांच्या घरी मी जेवलोय, ती जागा रिकामी करून दाखवणं वेगळं. दुसऱ्यासाठी मला काहीतरी देणं लागतं. किती, ते नक्की सांगता येत नाही.

मी पेरूवाली बनवून पाहिली. तीन आठवडे गेले. माझ्या हाताने झालेला तिचा चेहरा इतका वाईट होता की धुक्यात ती हडळ वाटायला लागली. मित्र खूश: "आता तर प्रॉपर हॉरर!" आबा म्हणाले, "हे कोन होय?" काढून टाकली. म्हणजे पुन्हा तेच केलं, या वेळी डोळे उघडे ठेवून.

सध्याच्या आवृत्तीत तिकीट खिडकीत एक वही आहे. उघडली की कापसाच्या गाठी, भाडं, कंपनीचा मोबदला, कमी केलेली माणसं, अशा ओळी दिसतात. आकडे मी रिकामे ठेवलेत, कारण खरे आकडे माझ्याकडे नाहीत आणि मनाचे घालायचे नाहीत. प्लॅटफॉर्मवर एक टोपली आहे. तिच्याजवळ गेलं की आबांचा आवाज येतो, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला, मागे आमच्या पंख्याची घरघर. इथं कोण बसे, गार्ड कोणाशी भांडे, वरातीसाठी गाडी किती वेळ थांबवली. गेम आता एकोणीस मिनिटांचा झालाय. मित्राच्या मते व्हाइब गेला.

धुकं ठेवायचं की काढायचं हे अजून ठरलेलं नाही. परवा आबांना फोनवरून नवी आवृत्ती दाखवली. बाबांनी लॅपटॉप धरला होता. आबांनी वही पाहिली, काही बोलले नाहीत. टोपलीपाशी स्वतःचा आवाज ऐकून लाजले. मग म्हणाले, घंटा चुकीच्या बाजूला टांगली आहे, ती खिडकीच्या डावीकडे होती.